फक्त फाईल बदलली

१७ जानेवारी. चाकणच्या एका प्लांटमध्ये जाऊन आमच्या सॉफ्टवेअरचा बॅकअप घ्यायचा आणि जेवणाच्या आत भोसरीच्या ऑफिसला परतायचं, एवढंच काम होतं. कॉपी होईपर्यंत मी सहज लाल क्रेटकडे पाहिलं. तो रिकामा होता.

हा प्लांट ब्रेकचे सिलिंडर बनवतो आणि आमचं मशीन ते तपासतं. पार्टमध्ये दाबाने हवा भरायची, व्हॉल्व्ह बंद करायचे, थोडं थांबायचं आणि दाब उतरला का ते बघायचं. उतरला, म्हणजे गळती आहे. चांगल्या पार्टला हिरवा दिवा, गळक्याला लाल. गळक्या पार्टला इथे सगळे ‘एनजी’ म्हणतात आणि तो लाल क्रेटमध्ये टाकतात. ओतकामात बारीक छिद्रं राहतातच. अर्धी शिफ्ट उलटली तरी क्रेट रिकामा, असं मी कधी पाहिलेलं नव्हतं.

“गाडे, क्रेट आत्ताच उचलला का?”

गाडे या लाइनचे सुपरवायझर. गाव इथलंच. प्लांटच्या कंपाउंडपलीकडे त्यांचं घर दिसतं.

“न्हाई मॅडम. सकाळचे दोन-तीन व्हते, ते उचलले. चहानंतर एकबी एनजी न्हाई. सावंत साहेब खूश हायेत आज.”

“प्रोग्राम कुणी बदलला का?”

“छे. प्रोग्रामला कुणी हातबी लावला न्हाई.”

हा प्रश्न जुन्या सवयीचा होता. आधी पार्ट पास की नापास हे ठरवणारे सगळे नियम आमच्या प्रोग्रामच्या पोटात होते. नवीन मॉडेल आलं, एक आकडा बदलायचा झाला, तरी आम्ही ऑफिसमध्ये प्रोग्राम नव्याने बांधायचा, इथे आणायचा, लाइन बंद करून बसवायचा. त्याला सगळेच कंटाळले होते. म्हणून मी दिवाळीनंतर त्या प्रोग्रामच्या आत लुआ नावाची एक छोटी भाषा बसवली. आता नियम एका साध्या फाईलमध्ये असतात. प्रोग्राम दाब मोजतो, आकडे फाईलमधल्या नियमांना देतो आणि ‘पास की नापास?’ असं विचारतो. फाईल उघडा, ओळ बदला, सेव्ह करा. लाइन थांबत नाही. डेमोच्या दिवशी मी या लोकांपुढे उभी राहून म्हटलं होतं, “यापुढे प्रोग्रामला हात लावायची गरज नाही.” सगळ्यांना ते वाक्य फार आवडलं होतं.

“मास्टर लावा,” मी म्हटलं.

मास्टर म्हणजे मुद्दाम भोक पाडलेला, लाल रंग दिलेला सिलिंडर. मशीन शुद्धीवर आहे ना, हे बघायला तो लावतात. त्याला लाल दिवा आलाच पाहिजे.

“सकाळी शिफ्टच्या सुरुवातीला लावलाय की. लाल आला व्हता.”

“परत लावा.”

गाडेंनी मास्टर बसवला. हवा भरल्याचा आवाज झाला. स्क्रीनवर दाब भराभर उतरताना दिसत होता. दिवा हिरवा लागला.

गाडे दिव्याकडे बघतच राहिले. “आयला,” ते हळूच म्हणाले.

“लाइन थांबवा.”

“मॅडम, साहेबांना इचारून...”

“गाडे, हे ब्रेक आहेत. थांबवा.”

त्यांनी बटण दाबलं. मग आधीच विचारायला हवं होतं, ते मला सुचलं. “फाईल बदलली का?”

“फाईल व्हय? फाईल बदलली ना. चहाच्या टायमाला नवीन मॉडेल लागलं, मीच बदलली. पर प्रोग्राम न्हाई बदलला. फक्त फाईल बदलली.”

प्रोग्राम बदलला की मास्टर लावायचा, हा या प्लांटचा जुना नियम. तो त्यांनी अगदी काटेकोर पाळला होता.

लाइन थांबली की क्वालिटीचे सावंत साहेब दोन मिनिटांत येतात. ते आले. “काय झालं? कुणी थांबवली?”

“मी. चहानंतरचा माल तपासलाच गेलेला नाही. मशीन सगळंच पास करतंय. तो माल कुठे आहे?”

“कुठे म्हणजे? गाडीत. गाडी गेली पण.” त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. “मॅडम, गाडी परत बोलवायची म्हणजे गाड्यांच्या कंपनीची असेंब्ली अडकते. मला फोन कुणाकुणाचे येतील माहितीये? तुम्हाला नक्की खात्री आहे?”

तेवढ्यात माझाच फोन वाजला. आमच्या ऑफिसचे मिलिंद सर. लाइन थांबलेली दिसताच सावंतांनी इकडे येता येता त्यांना फोनवर झापलं असावं.

“वैशाली, आधी पूर्ण तपासून घे. सावंत दुसऱ्या दोन लाइनींसाठी आपलंच मशीन बघतायत. उगाच घाबरवू नकोस त्यांना.”

“सर, तपासेपर्यंत गाडी पोहोचेल. नंतर बोलते.”

मी मास्टर मशीनमधून काढला आणि सावंतांच्या हातात दिला. “याला भोक तुम्हीच पाडून घेतलंय. हा आत्ता आमच्या मशीनने पास केला.”

त्यांनी सिलिंडर फिरवून पाहिला. भोक डोळ्यांना दिसत होतं. “गाडे, ड्रायव्हरला लाव फोन.”

गाडेंनी फोन स्पीकरवर टाकला. रिंग वाजत राहिली, कुणी उचलला नाही. दुसऱ्यांदा लावला. या वेळी ड्रायव्हरने उचलला.

“बोला दादा.”

“भावा, कुठं हायेस?”

“कुठं असनार? चौकात. जाम हाय सगळं. गेट सोडल्यापास्नं हितंच हाय, अजून सिग्नलबी दिसंना.”

“तसाच माघारी फिर.”

“माघारी? आता? वळू कुठनं, दादा, डोक्यावरनं?”

“कसाबी फिर. साहेब हितं उभे हायेत.”

चाकणच्या ट्रॅफिकला मी वर्षानुवर्षं शिव्या घातल्या आहेत. त्या दिवशी घातल्या नाहीत.

गाडी परत येईपर्यंत मी फाईल उघडून बसले. नियम लाइनवरच्याच लोकांनी मराठीत, पण इंग्रजी अक्षरांत लिहिले होते. त्याला मीच हो म्हटलं होतं, स्वतःच्या शब्दांत लिहिलं की चुका कमी होतात म्हणून. दुसऱ्या शिफ्टच्या मोरेंनी खाली लिहिलं होतं: galati असेल तर नापास, नाहीतर पास. वरची ओळ गाडेंनी आज नव्या मॉडेलसाठी पुन्हा लिहिली होती. दाब ठरल्यापेक्षा जास्त उतरला तर galti.

मोरे नांदेडचे. ते ‘गळती’त एक ए जास्त घालतात. गाडे घालत नाहीत. मोबाईलवर आपण सगळे असंच लिहितो आणि समोरच्याला कळतं. लुआला कळत नाही. तिच्या लेखी हे दोन वेगळे शब्द. आणि जो शब्द तिला कुणी सांगितलेलाच नाही, त्याबद्दल विचारलं तर ती तक्रार करत नाही, ‘नाही’ असं धरून चालते. galati आहे का? नाही. मग पास. प्रत्येक पार्ट पास.

“म्हंजे माझ्या एका ए पायी?” गाडेंनी विचारलं.

“ए पायी नाही. दोन स्पेलिंगं झाली तरी मशीन गप्प बसलं, त्याच्या पायी. ते माझं काम आहे.”

गाडी आली. फाईल दुरुस्त केली, मास्टर लावला, लाल दिवा आला, आणि मग सगळा माल उतरवून पुन्हा तपासला. सावंत स्वतः मशीनपाशी उभे राहिले. बराच वेळ हिरवाच दिवा लागत होता आणि ते दर वेळी माझ्याकडे बघत होते. मग लाल लागला. पुढे आणखी लागले. थोडेच होते. पण ब्रेकचा एक सिलिंडर म्हणजे एक गाडी, आणि त्या गाडीत कुणीतरी बसणार होतं. सावंतांनी ते पार्ट क्रेटमध्ये स्वतःच्या हाताने ठेवले.  मग मिलिंद सरांना फोन करून म्हणाले, “बाई बरोबर होत्या.”

वापरणाऱ्याला एखादी गोष्ट सोपी करून देताना आपण तिला जे नाव देतो, त्या नावाप्रमाणेच तो वागतो. मी फाईलला ‘फक्त फाईल’ केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली शिफ्ट लागायच्या आधी मी नवीन व्हर्जन बसवलं. आता अनोळखी शब्द दिसला की मशीन थांबतं. आणि फाईल सेव्ह केली, की मास्टरला लाल दिवा आल्याशिवाय पुढचा पार्टच घेत नाही. दाखवायला म्हणून मी फाईलमध्ये एक रिकामी जागा वाढवली आणि सेव्ह केलं. मशीन अडलं. स्क्रीनवर अक्षरं आली: ‘प्रोग्राम बदलला आहे. मास्टर लावा.’

गाडेंनी ती वाचली. “मी न्हाई हां बदलला, मॅडम. तुमी बदलला.”

“हो,” म्हटलं, “मी बदलला.” आणि मास्टर उचलून लावला.