उलट्या कांड्यांची सरी

उसाचं बेणं तोडताना येणारा कच्चा, गोडसर वास नाकात शिरला की अजून माझा जीव एका जागी थांबत नाही. कराडला इंजिनिअरिंगला होतो तेव्हा सुट्टीत कुंडलला आलो आणि लागणीसाठी वडिलांबरोबर सरीत उतरलो. वडील फौजेतून निवृत्त झालेले. पहिली कांडी कपाळाला लावून म्हणाले, "ज्यानं ह्ये समदं केलं, त्याचं नाव घे." मी उसळलो, "आणि त्याला कुणी केलं?" "त्याला कुणी लागत न्हाई." "मग जगालाच का लागतंय? असंल आपलं आपण!" पाय चिखलात गारठलेले, डोकं तापलेलं, वाद घालत घालत मी अख्खी सरी लावून काढली. महिन्यानं परत आलो तर सगळं रान हिरवं, माझी सरी तेवढी उघडी. वडिलांनी माती उकरली. रागाच्या भरात मी सगळ्या कांड्या, कोंब फुटतात ते डोळे खाली करून दाबल्या होत्या. कोंब वर येणार कसे? वडील हसले नाहीत. "ही तूट बी आपली आपणच पडली का रं?" एवढंच म्हणाले. एका सरीला कारण असतं म्हणून सगळ्या विश्वाला असलंच पाहिजे असं नाही, हे उत्तर माझ्या जिभेवर होतं, दिलं नाही. गेल्या वर्षी वडील चालताबोलता गेले. डॉक्टर म्हणाले, नक्की कारण सांगता येणार नाही. अख्खं जग कारणाशिवाय चालवून घेणारा मी दवाखान्याच्या दारात तीन-तीनदा विचारत होतो, "पण कशामुळं?"