कुणकेश्वरला लेक निळी पडली तेव्हा

माझ्या लेकीच्या हृदयात जन्मतःच दोन दोष होते. एकामुळे फुप्फुसाकडे जाणारी रक्ताची वाट अरुंद झाली होती, दुसऱ्यामुळे मधल्या झडपा नीट घडल्याच नव्हत्या. हे दोन्ही एकत्र क्वचितच आढळतात, असं डॉक्टर म्हणाले. वजन वाढलं की शस्त्रक्रिया, तोवर जपायचं. एवढ्याशा हृदयात देवाने दोन-दोन चुका कराव्यात, याचा मला इतका राग आला की मी देवापुढे दिवा लावणंच सोडलं.

सव्वा महिना झाल्यावर सासूबाईंच्या हट्टाखातर लेकीला कुणकेश्वरला, समुद्राकाठच्या शंकराच्या देवळात नेलं. समुद्रावर धुरकट ऊन होतं, लाटांचा आवाज दुरून, झोपेत ऐकावा तसा येत होता. सासूबाई आत गेल्या, मी लेकीला घेऊन पायरीवरच बसले. लेक रडू लागली आणि बघता बघता तिचे ओठ निळे झाले, मग नखं. मला हाकही मारता येईना. सगळं पाण्याखालून पाहिल्यासारखं संथ दिसत होतं.

नारळ विकणारी एक बाई उठून जवळ आली. "भिव नको गो. तिचे पाय दुमड, गुडघे छातीक लाव," म्हणत तिनेच माझे हात धरून ते करवून घेतलं. किती वेळ गेला, ठाऊक नाही. हळूहळू ओठांवर रंग परतला. तिथूनच आम्ही इस्पितळ गाठलं. डॉक्टर म्हणाले, "अगदी योग्य केलंत." त्यांनी ते आधी सांगितलं होतं की नाही, मला आठवत नाही, त्या दिवसांत काही डोक्यात शिरतच नव्हतं.

पुढे शस्त्रक्रिया झाली. लेक सावरल्यावर तिला घेऊन मी पुन्हा गेले. बाई तिथेच होती. "चेडू कसा आसा?" लेकीकडे बघत तिने विचारलं. मी पाया पडायला वाकले, तर तिने पाय मागे घेतले.

"तुम्हाला हे कसं माहीत होतं?" मी विचारलं.

"माझ्या झिलाक मी असाच धरी," ती म्हणाली. "तो नाय ऱ्हवलो."

 मी लेकीला तिच्या मांडीवर दिलं. तिने लेकीच्या छातीवर तळवा ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला.

देवाने तिचा मुलगा का नेला आणि माझी लेक का ठेवली, हे आता मी विचारत नाही.  त्या दिवशी गाभाऱ्यात गेले, हात जोडले आणि लेकीच्या आधी त्या मुलासाठी डोळे मिटले.