सिस्टरला खोली हवी होती

आमच्या आरोग्य उपकेंद्राच्या सिस्टरपुढे कुणी 'जात बघून वागवलं' म्हणून रडत आलं, की ती आधी पाणी द्यायची आणि विचारायची, "दुसऱ्याला काय दिलं?" त्याचं उत्तर मिळेपर्यंत ना हळहळ, ना चिडणं. मला तर बाई रागच यायचा तिचा.

मी अंगणवाडी सेविका होते. एकदा बौद्ध वस्तीत लेकरांच्या आहाराची पाकिटं आठ दिवस उशिरा पोचली आणि बोभाटा झाला, की बाई जात बघून वाटती. सिस्टर स्वतः बौद्ध. म्हटलं, आता आपलं काही खरं नाही. पण ती गावातली घरं न् घरं विचारून आली आणि वस्तीच्या बैठकीत उभी राहिली. "गाडीच उशिरा आल्ती. कुणालाच वेळेवर मिळालं न्हाई. बाईवर खोटा आळ घेऊ नका." तिचेच लोक म्हणाले, सिस्टर, तुम्ही त्यांच्यातल्या कधी झाल्या? महिनाभर तिला तिथं कुणी चहा विचारला नाही.

पुढं तिला गावात खोली हवी होती. रोज भोकरदनहून बसनं यायची, गुडघे धरायचे. माझ्या चुलत दिराची खोली रिकामी होती; तिनं विचारलं, तर तो म्हणाला, पाहुणे येणार आहेत. मी आपली शहाणी, म्हटलं, येत असतील हो पाहुणे, लगेच जात कशाला काढायची?

"मंग तुम्हीच विचारून पाहा. एका बाईला पाह्यजे म्हणा," सिस्टर म्हणाली.

गेले. दिरानं किल्लीच हातावर ठेवली. "आपल्यातलीच हाये ना, वहिनी? मंग बिलकुल घ्या."

किल्ली बघून सिस्टर एवढंच म्हणाली, "आता हे ग्रामसभेत सांगा. मी वस्तीत तुमच्यासाठी सांगितलं तसं."

ग्रामसभेत तिनं खोलीचं विचारलं. दीर समोरच बसलेला. कुणीतरी हसून म्हणालं, आजकाल खोली न्हाई मिळाली तरी जातच दिसती. सिस्टरनं माझ्याकडं पाहिलं. किल्ली माझ्या पिशवीत होती. मी म्हणाले, "मला त्यातलं काही माहीत न्हाई."

अजून स्वतःचाच संताप येतो. माझ्यासाठी ती तिच्या माणसांपुढे उभी राहिली, आणि मला एक वाक्य बोलवलं नाही.

बदली होईपर्यंत दोन वर्षं ती त्याच बसनं आली. माझ्या नातीला डोस पाजले, मला कधी टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं. जायच्या आदल्या दिवशी मी जेवायला बोलावलं.

"येते की," ती म्हणाली. "तुमच्या दिरालाही बोलवा."

मी दिराला बोलावलं नाही, तीही आली नाही. दुसऱ्या दिवशी तिला बसमध्ये चढताना पाहिलं, तेही लांबूनच.