एका डोळ्याचा खेळ

ठाणे जिल्ह्यातल्या यच्चयावत डोळ्यांची जबाबदारी आपल्या एकट्यावर आहे, अशा समजुतीने माझे सासरे जगले. माणूस भेटला की नमस्काराच्या आधी ते त्याच्या डोळ्यांत बघत. पांढरा भाग किती पांढरा आहे, खालची पापणी किती लाल आहे, हे पाहून झालं की मग "या, बसा". वागळे इस्टेटमधल्या एका रंगाच्या कारखान्यात ते छटा जुळवण्याच्या खात्यात होते. गिऱ्हाइकाने पाठवलेल्या नमुन्यासारखाच रंग डब्यात उतरलाय की नाही, हे नुसत्या नजरेने ठरवायचं काम. त्यामुळे आपले डोळे ही कंपनीची मालमत्ता आहे असं त्यांच्या मनाने घेतलं होतं, आणि निवृत्तीच्या दिवशी ती मालमत्ता कुणी परत मागितली नाही याचं त्यांना थोडं आश्चर्यच वाटलं असावं. सकाळी त्रिफळ्याच्या पाण्याने डोळे धुवायचे, मग कोवळ्या उन्हात डोळे मिटून बसायचं, मग आमच्या वर्तकनगरच्या गॅलरीतून येऊरच्या डोंगराकडे बघत राहायचं, असा त्यांचा नेम. गाजराचा तर घरात इतका मारा असे, की गाजर कशात नाही ते सांगणं सोपं होतं: चहात नव्हतं. सासूबाई म्हणत, "यांना डोळे सांभाळता सांभाळता काही बघायला वेळच मिळाला नाही."

माझं नुकतंच लग्न झालं होतं तेव्हाची गोष्ट. डोंबिवलीला सासऱ्यांच्या भाचीला बघायला मुलाकडची मंडळी आली होती आणि आम्हीही गेलो होतो. पोहे झाले, मुलीला नेहमीचे चार प्रश्न विचारून झाले. भाचीच्या वडिलांनी आपलं रीत म्हणून विचारलं, की आमच्यापैकी कुणाला मुलाला काही विचारायचंय का. सासऱ्यांना विचारायचं होतं. त्यांनी त्या मुलाला उभं केलं आणि समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर आधी एक डोळा झाकून, मग दुसरा झाकून वाचायला लावलं. मुलगा गुणी. त्याने तारखा वाचल्या, संकष्टी वाचली, तळाला बारीक अक्षरात छापलेला किराणा दुकानाचा पत्तासुद्धा वाचला. सासरे म्हणाले, "माझ्याकडून होकार." मुलाची आई तोंडाला पदर लावून हसत होती, म्हणून ते लग्न जमलं. तो जावई अजून सांगतो, की माझं शिक्षण त्या दिवशी कुणी विचारलंच नाही.

अशा माणसाच्या घरात टीव्ही येणं म्हणजे मोठं प्रकरण होतं. पंच्याऐंशीच्या आसपास बिल्डिंगमध्ये आमचंच घर बिनटीव्हीचं राहिलं होतं. शेवटी सासूबाईंनी दोन दिवस अबोला धरला, तेव्हा टीव्ही आला, पण अटींवर. पडद्यापुढे त्यांनी रंगीत प्लॅस्टिकची काच बसवली. ती वर निळी आणि खाली हिरवी असल्यामुळे बातम्या देणाऱ्या बाईंचे केस निळे आणि गळा हिरवा दिसे. टीव्हीमागे दिवसासुद्धा झीरोचा बल्ब जळत ठेवायचा. आणि बसायचं ते बारा फुटांवर. आता आमची बाहेरची खोली होती दहा फुटांची. म्हणजे नियमाप्रमाणे सगळ्यांनी स्वयंपाकघरात बसून दारातून टीव्ही बघायचा. रविवारी सकाळी शेजारपाजारची मंडळी यायची तेव्हा ओट्यावर, तांदळाच्या डब्यावर, जागा मिळेल तिथे माणसं बसलेली असत, आणि बाहेरच्या खोलीत मोकळ्या फरशीवर एकटे सासरे, खुर्ची टाकून, टीव्हीकडे पाठ करून. त्यांनी टीव्ही फारसा पाहिलाच नाही. ते आम्हाला बघायचे. कुणी फार वेळ टक लावून बसलं की "पापण्या" एवढंच म्हणायचे, आणि सगळं स्वयंपाकघर डोळ्यांची उघडझाप करायचं. एकदा क्रिकेटची मॅच अगदी शेवटच्या षटकात आली असताना ते "पापण्या" म्हणाले. खालच्या मजल्यावरच्या बँकवाल्यांनी आज्ञा पाळली आणि तेवढ्यात विकेट गेली. त्यानंतर ते कितीतरी दिवस आमच्याकडे आले नाहीत.

नव्वद साल उलटल्यावर मस्कतला असलेल्या माझ्या भावाने आमच्या मुलांसाठी टीव्ही गेम आणला. टीव्हीला जोडायचा, हातात बटणांची डबी धरायची आणि पडद्यावरची विमानं पाडायची. मुलं आनंदाने नाचली. सासऱ्यांनी खोका उलटसुलट करून पाहिला आणि तुझा भाऊ स्वभावाने चांगला आहे पण त्याला दूरदृष्टी नाही, असं मला अगदी शांतपणे सांगितलं. गेम कपाटावर गेला. रविवारी अर्धा तास, तोही पापण्यांची आज्ञा पाळून, एवढीच परवानगी मिळाली. मुलं शाळेतून आल्यावर कपाटाकडे बघत जेवायची.

मी सकाळच्या शाळेत शिकवायचे. एके दिवशी परीक्षेमुळे लवकर सुटले. घरी येऊन माझ्या किल्लीने दार उघडलं, तर सासूबाई आत झोपलेल्या, आणि बाहेरच्या खोलीत सासरे डाव्या डोळ्यावर रुमाल बांधून विमानं पाडत बसलेले. मला पाहून ते दचकले नाहीत. ज्याच्याशी लढायचं त्याची माहिती पाहिजे, असं म्हणून त्यांनी खेळ पुढे चालू ठेवला. बारा फुटांचं काय, हे मी विचारलं नाही, कारण उत्तर दिसतच होतं: बटणांच्या डबीची वायर जेमतेम चार हात होती, त्यामुळे ते टीव्हीच्या पुढ्यात चौरंगावर बसले होते. रुमालाचा खुलासा मात्र त्यांनी केला. दोन्ही डोळे एकदम थकवायचे नाहीत. एक खेळेल, दुसरा विश्रांती घेईल, मग पाळी बदलायची. मी पर्स ठेवली आणि दुसरी डबी हातात घेतली. त्या दिवसापासून दुपारी मुलं यायच्या आत आम्ही दोघं खेळू लागलो. सासरा-सुनेत एरवी भाजी आणि औषधं एवढंच बोलणं. पण विमानं पाडताना ते मला "अगं डावीकडून ये, डावीकडून" असं ओरडायचे, आणि मीही त्यांना "बाबा, मध्ये येऊ नका" असं बिनदिक्कत सांगायचे.

काही आठवड्यांनी माझ्या एक गोष्ट लक्षात आली. डावा डोळा खेळत असला की बाबा चांगले खेळायचे, माझ्यापेक्षाही. उजव्या डोळ्याची पाळी आली की लगेच मरायचे, आणि नेहमी वरच्या डाव्या कोपऱ्यातून आलेल्या विमानाकडून. ते मशीनवर चिडायचे. ते विमान आधी नसतं, एकदम उगवतं, तुझ्या भावाला मशीनवाल्याने फसवलंय, असं म्हणायचे. मला ते विमान आधीपासून दिसत असे.

एका दुपारी त्यांची उजव्या डोळ्याची पाळी चालू असताना मी खेळ थांबवायचं बटण दाबलं. पडद्यावर सगळं जागच्या जागी थांबलं.

"बाबा, तुमच्या विमानावरची नजर हलवू नका. वर किती विमानं आहेत?"

"दोन."

तीन होती. मी रुमाल सोडायला सांगितलं. त्यांनी सोडला आणि मान वर करून पाहिलं. तिसरं विमान कोपऱ्यात मुकाट उभं होतं. त्यांनी पुन्हा डावा डोळा हाताने झाकला, पुन्हा उघडला, पुन्हा झाकला. मग उठून टीव्ही बंद केला, गेम खोक्यात भरला, खोक्याला सुतळी बांधली आणि तो कपाटावर ठेवून गॅलरीत जाऊन बसले. डॉक्टरकडे जाऊया म्हटलं तर माझ्या डोळ्यांना काही होत नसतं म्हणाले. चार दिवस ते कुणाशी धड बोलले नाहीत. मुलांनी टीव्हीला नाक लावलं तरी "पापण्या" असा आवाज आला नाही, तेव्हा सासूबाई घाबरल्या आणि यांना झालंय काय म्हणून मला विचारू लागल्या.

पाचव्या दिवशी मी चहा घेऊन गॅलरीत गेले आणि तिथेच बसून राहिले. मग ते आपण होऊन बोलले.

"माझे वडील गावी अंगणात बसायचे. आधी समोरून गेलं तर ओळखायचे, बाजूने गेलं तर विचारायचे, कोण रे. मग समोरून गेलं तरी विचारायला लागले." कप दोन्ही हातांत धरून म्हणाले, "लोक म्हणायचे, कंदिलाच्या उजेडात पोथ्या वाचून डोळे घालवले. मी तर सगळं सांभाळलं गं."

लग्न होऊन इतकी वर्षं झाली होती, त्यांची गाजरं, त्यांचा झीरोचा बल्ब, सगळ्याला आम्ही हसत आलो होतो. तो माणूस लहानपणापासून कशाला घाबरत होता हे मला त्या दिवशी कळलं. समजूत घालून उपयोग नव्हता. मी एवढंच म्हटलं, की तुमच्या वडिलांना होतं, आता तुम्हाला असेल, तर मग तुमच्या मुलाचेही डोळे दाखवायला हवेत. त्यांनी कप खाली ठेवला, आत जाऊन इस्त्रीचा शर्ट घातला आणि नवऱ्याला ऑफिसातून थेट नौपाड्यातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात बोलावून घे म्हणाले.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी बाबांना एका पांढऱ्या वाटीसारख्या यंत्रापुढे बसवलं. हनुवटी टेकवायची, एक डोळा झाकायचा, समोर नजर ठेवायची, आणि कुठेही बारीक उजेड दिसला की बटण दाबायचं. बाबांनी हे बटण अशा सराईतपणे धरलं, की बाईंनी आधी कुठे तपासून घेतलंय का म्हणून विचारलं. "नाही. पण याच्यात विमानं नाहीत, नुसते ठिपके आहेत," असं बाबा म्हणाले, आणि मला विमानांपासून कंदिलापर्यंत सगळी हकिगत सांगावी लागली. बाई हसल्या नाहीत. तपासणी झाल्यावर त्यांनी सांगितलं, की हा काचबिंदू आहे. डोळ्यातला दाब आतली नस हळूहळू मारतो, दुखत नाही, खुपत नाही, आणि एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढतो म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. बहुतेक लोक फार उशिरा येतात.

"गेलेला कोपरा परत येणार नाही, आजोबा. पण बाकीचं आपण राखू. थेंब मात्र एक दिवस चुकवायचे नाहीत."

बाबांनी हळूच विचारलं, हे टीव्हीमुळे झालं का. नाही, बाई म्हणाल्या, कंदिलामुळेही नाही. हे घराण्यातून येतं. पडद्याने डोळे थकतात, कोरडे होतात, चुरचुरतात, म्हणून मधून मधून थांबावं, लांब बघावं आणि पापण्यांची उघडझाप करत राहावी. हे ऐकल्यावर बाबांनी माझ्याकडे आणि नवऱ्याकडे असं पाहिलं, की काचबिंदूचं दुःख निदान त्या क्षणी तरी त्यांना राहिलं नव्हतं. नवऱ्याच्या डोळ्यांतला दाबही थोडा जास्त निघाला, पण नस शाबूत होती. दर वर्षी तपासायला या, असं सांगून बाईंनी आम्हाला सोडलं.

घरी येऊन बाबांनी खोक्याची सुतळी सोडली. त्यानंतर ते उघडपणे खेळले, मुलांबरोबरही. पण त्यांच्या मोहिमेने नवीन वळण घेतलं. बिल्डिंगमध्ये ज्याचं म्हणून वय चाळिशीच्या पुढे, त्याला ते जिन्यात अडवून एक डोळा झाकायला लावत आणि नौपाड्याला पिटाळत. बँकवाले तर दोनदा जाऊन आले, पहिल्यांदा जाऊन आल्याचं खोटंच सांगितलं असा बाबांना संशय आला म्हणून. अशा पिटाळलेल्यांपैकी एका बाईंचा काचबिंदू खरोखर वेळेत सापडला. त्या दिवाळीला फराळाचं ताट घेऊन आल्या, आणि बाबांनी ताटाच्या आधी त्यांचे डोळे पाहिले.

पुढची सात-आठ वर्षं त्यांची नजर होती तिथेच राहिली. शेवटच्या आजारपणातसुद्धा बाजूच्या दारातून कुणी आत आलं, तरी ते नावाने हाक मारायचे. थेंब मीच घालायचे, संध्याकाळी दिवा लावून झाला की. एरवी सगळ्यांना शिस्त लावणारा हा माणूस थेंबाला मात्र भ्यायचा. मान मागे टाकून, डोळे छताकडे लावून, आणि का कुणास ठाऊक, तोंड उघडं टाकून बसायचा, चिमणीच्या पिल्लासारखा. थेंब पडला की बाबा माझं मनगट घट्ट धरायचे आणि मग सावकाश सोडायचे.

आता नवऱ्यालाही थेंब सुरू झालेत. डॉक्टरीणबाईंचे केस पिकलेत, पण वर्षाची तपासणी झाली की त्या मान डोलावतात, सगळं आहे तसं आहे म्हणतात. रोज संध्याकाळी मी बाटली घेऊन येते. तो खुर्चीत मान मागे टाकतो. त्याला हे कुणी शिकवलं नाही, आणि मी कधी त्याला सांगितलंही नाही, पण थेंब डोळ्यात पडायच्या आधी त्याचं तोंड आपोआप उघडतं.