शेपटीचं वजन

विमान आमच्या घरी आलं ते लाकडी खोक्यात, आणि ते खोकं दारातून आत जाईना. ट्रान्सपोर्टच्या हमालांनी ते ओट्यावरच ठेवलं आणि निघून गेले. मी नुकतीच शाळेतून आले होते. मुलींच्या शाळेत मी शिवण शिकवायचे. दिवसभर काजं आणि उसवलेल्या टिपा बघून डोळे चुरचुरत होते. माझे यजमान त्या खोक्याभोवती फेऱ्या मारत होते. त्यांचा उजवा हात एकसारखा थरथरत होता. आनंदाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता, तीन वर्षांपासून तो हात तसाच होता.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. आम्ही धुळ्यात दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढ्या घरात राहत होतो. हे हवाई दलात विमानांची दुरुस्ती करायचे. पंधरा वर्षांची नोकरी करून परत आले, मग एका कारखान्यात लागले. पन्नाशीच्या आधीच कंपवात सुरू झाला आणि तेही सुटलं. त्यांचा नोकरीतला एक मित्र मूळचा एरंडोलचा. तो पुढे जर्मनीत स्थायिक झाला होता. रिमोटवर उडणारी विमानं हा त्याचा तिथला छंद. त्यानेच हे जुनं विमान सुटं करून पाठवलं होतं. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, “तू जोडून ठेव. जानेवारीत सुटीवर येतो, तेव्हा उडवू.”

ओट्यावरच आम्ही खोकं फोडलं. आत पांढरं, गुळगुळीत, माणसाएवढं लांब धड निघालं. पंख वेगळे, शेपटीचे तुकडे वेगळे. आणि कापडात गुंडाळलेलं एक इंजिन, साधारण मोठ्या तांब्याएवढं. पुढे फिरणारं पातं वगैरे काही नाही. हवा पुढून आत घ्यायची, रॉकेल जाळायचं आणि गरम वारा मागून फेकायचा. खऱ्या जेटसारखंच.

ह्यांनी एक स्क्रू घेतला आणि तो पेचकसावर बसवायला गेले. तीनदा प्रयत्न केला. चौथ्यांदा स्क्रू ओट्यावरून खाली मातीत पडला. तो मी शोधून दिला.

“तुझे हात लागतील,” ते म्हणाले.

मी हो म्हणाले. त्या वेळी तरी हो म्हणणंच सोपं होतं.

मग दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत ते विमान आमच्या पुढच्या खोलीत होतं. पंख भिंतीला टेकवलेले, धड पलंगावर. आम्ही खाली झोपायचो. शाळेतून आले की मी कुकर लावायची, ह्यांच्या गोळ्या द्यायची आणि मग विमानापाशी बसायची. हे खुर्चीवर बसून सांगत, मी करत असे. पंखाच्या मागच्या कडेला हलणाऱ्या फळ्या असतात. त्या हलवायला पोटात छोट्या मोटारी बसवायच्या, मोटारीपासून फळीपर्यंत बारीक सळई जोडायची. ती सळई एका भोकाने इकडची तिकडे झाली तरी फळी जास्त हलते. दोन्ही बाजूंच्या फळ्या सारख्याच हलल्या पाहिजेत. मी शिवणाची मोजपट्टी लावून मोजत असे.

“किती?”

“चौदा मिलिमीटर.”

“आणि उजवी?”

“पंधरा.”

“मग उजवी पुन्हा खोल.”

ते कधी रागावले नाहीत हे सांगायला हवं. रागावले असते तर मला भांडता तरी आलं असतं. त्यांचा आवाज कायम शांत. पुन्हा खोल, पुन्हा लाव, पुन्हा मोज. रॉकेलच्या नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर इंजिन वरच्या वर बंद पडतं, म्हणून एकेक सांधा मी तीन तीन वेळा बसवला. शाळेत मुली माझ्या पदराला नाक लावून विचारायच्या, “बाई, तुम्ही स्टोव्हवर स्वयंपाक करता का?”

सगळ्यांत जास्त वेळ लागला तो तोल साधायला.

पंखांच्या खाली दोन खुणा होत्या. बरोबर त्या खुणांवर विमान टेकवलं की ते आडवं राहायला हवं, नाक केसभर खाली. ह्यांनी सुताराकडून लाकडाचा एक स्टँड करून घेतला. दोन खांब, वर मऊ कापडाच्या गाद्या. गाद्या मीच शिवल्या. टाकी रिकामी ठेवून तोलायचं, कारण उतरण्याच्या वेळी रॉकेल संपत आलेलं असतं.

पहिल्यांदा विमान स्टँडवर ठेवलं आणि शेपूट दाणकन खाली गेली.

“नाक जड असलं तर विमान कुरकुरत का होईना, उडतं,” ते म्हणाले. “शेपूट जड असेल तर ते कुणाच्या हातात राहत नाही.”

बॅटऱ्या होत्या त्या जागेवरून काढून नाकात नेल्या. त्यासाठी तारा वाढवाव्या लागल्या. तरी कमी पडलं. मग बाजारातून शिशाचे मणी आणले, तापीवरचे मासेमार जाळ्याला लावतात तसले. मांजरपाटाच्या लहान लहान पिशव्या शिवून मी ते त्यांत भरले. पिशवी नाकात बांधायची, स्टँडवर ठेवायचं, बघायचं, काढायचं, दोन मणी कमी करायचे, पुन्हा शिवायचं. असे अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी विमान खुणांवर आडवं राहिलं. ह्यांनी मान वाकडी करून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, “बसलं.”

त्या दिवशी मला खरंच बरं वाटलं होतं.

संक्रांतीला पहूरहून नणंद आणि तिचे यजमान येणार होते. त्यांना बसायला पलंग हवा म्हणून मी एकटीनेच विमान आतल्या खोलीत न्यायला काढलं. वळताना मागचा लहान पंख चौकटीवर आपटला आणि त्याचा कोपरा चिरला. हे आतून म्हणाले, “आवाज कसला?” मी सांगितलं. ते उठून आले, चिरेवर अंगठा फिरवला आणि म्हणाले, “होईल नीट.”

पाहुणे गेल्यावर त्यांनी सांगितलं तसं मी चिरेवर काचेच्या धाग्याचं कापड आणि रसायन लावलं. तीन थर. वाळल्यावर घासलं, रंग दिला. कोपरा पहिल्यासारखा दिसायला लागला.

“पण वजन वाढलं,” ते म्हणाले. “शेपटीतलं एवढंसं वजनसुद्धा फार. तोल पुन्हा बघावा लागेल.”

दुसऱ्या दिवशी शाळेत प्रात्यक्षिक परीक्षा होती. दिवसभर मी मुलींचे परकर तपासले. प्रत्येकीची टीप, प्रत्येकीची नाडीची पट्टी. घरी आले तर हे गोळीच्या गुंगीत खुर्चीवर डोळे मिटून बसले होते. तोल बघायचा म्हणजे धडाला पंख जोडायचे, स्टँड मांडायचा, ते अकरा किलोचं धूड उचलून वर ठेवायचं आणि शेपूट खाली गेली तर सगळं पहिल्यापासून. मी स्वयंपाकघरात गेले. भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसले आणि चहा प्याले. कप रिकामा झाल्यावरही तशीच बसून राहिले.

खोलीतून ह्यांचा आवाज आला, “तोल बघितला?”

“हो,” मी म्हणाले. “बसलाय.”

आमच्या इतक्या वर्षांच्या संसारात मी त्यांच्याशी खोटं बोलले नव्हते असं नाही. भाजीत मीठ कमी घातलं आहे हे लपवलं होतं, डॉक्टर काय म्हणाले त्यातलं निम्मं लपवलं होतं. पण हे खोटं मी कुणाच्या भल्यासाठी बोलले नव्हते. मला उठायचं नव्हतं, एवढंच त्याचं कारण.

आठवड्याने मित्र आला. मी त्यांना भाऊजी म्हणायची. त्यांनी कचेरीतून परवानगीचा कागद मिळवला आणि एका सकाळी विमान आणि ह्यांची खुर्ची जीपमध्ये घालून आम्ही शहराबाहेरच्या धावपट्टीवर गेलो. तिथे दिवसातून एखादं विमान उतरलं तर उतरलं. एरवी कडेच्या गवतात शेळ्या चरत. पट्टीवरचा राखणदार कानाला मफलर गुंडाळून आमच्याजवळ येऊन उभा राहिला.

“ताई, हाई इमान उडी का खरंच?”

“उडायला पाहिजे,” मी म्हणाले.

“बठ्ठं तुम्हीच जोडं का?”

ह्यांनी खुर्चीवरूनच सांगितलं, “बठ्ठं तिनेच, सगळं.”

भाऊजींनी पंख जोडले. एकेक फळी हलवून बघितली. विमानाचा रिमोट घेऊन मी शंभर पावलं लांब गेले आणि भाऊजींनी खूण केली तशा तिथून त्यावरच्या दांड्या हलवल्या. सगळं ठीक होतं. त्यांनी आग विझवायचं नळकांडं जवळ ठेवलं, टाकीची नळी हातात घेतली आणि सहज विचारलं, “वहिनी, तोल बघितलाय ना शेवटी?”

माझ्याऐवजी हेच बोलले. “शेपूट दुरुस्त केल्यावर तिने पुन्हा बघितलाय. तिचं मोजमाप चुकत नाही.”

ते असं बोलले नसते तर मी कदाचित गप्प राहिले असते.

“नाही बघितला,” मी म्हणाले. “त्या दिवशी मी खोटं सांगितलं.”

भाऊजींनी नळी खाली ठेवली. हे माझ्याकडे बघत नव्हते, समोरच्या पट्टीकडे बघत होते. मग ते म्हणाले, “स्टँड आणलाय का?”

स्टँड घरी राहिला होता.

“मग बोटांवर घ्या. तू एका बाजूला, तो एका बाजूला.”

आम्ही दोघांनी खुणांखाली बोटं लावली आणि विमान उचललं. क्षणभर ते सरळ राहिलं. मग दमलेली म्हैस खाली बसते तशी शेपूट सावकाश खाली गेली. भाऊजींनी जीभ चावली. “मी असंच वर नेलं असतं,” ते हळूच म्हणाले.

शिसं नव्हतं. जीपच्या हत्यारांच्या डब्यात नट-बोल्ट निघाले. माझ्या पर्समध्ये सुईदोरा कायम असायचा. भाऊजींचा रुमाल दुमडून मी तिथेच डांबरावर बसून पिशवी शिवायला घेतली. ऊन डोळ्यांवर येत होतं. तेवढ्यात एक सावली कामावर पडली. मी वर बघितलं तर हे खुर्ची सोडून माझ्यासमोर येऊन उभे होते. टीप पूर्ण होईपर्यंत ते तसेच उभे राहिले.

दोनदा पिशवी उघडावी लागली. तिसऱ्यांदा विमान आमच्या बोटांवर आडवं राहिलं, नाक केसभर खाली.

“बसलं,” भाऊजी म्हणाले.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. “तू सांग.”

“बसलं,” मी म्हणाले.

इंजिन सुरू झालं तेव्हा आधी रॉकेलचा वास आला आणि मग तो आवाज, बारीक, वर वर चढत जाणारा. शेळ्या पळाल्या. राखणदाराने मफलर आणखी घट्ट केला. विमान पट्टीवरून सुटलं, आमच्या पुढून गेलं आणि अर्ध्या पट्टीतच वर उठलं. भाऊजींनी त्याला दोन मोठ्या घिरट्या घालायला लावल्या. मग दांड्यांवरची बोटं उचलून दाखवली आणि म्हणाले, “दादा, बघ. सोडलं तरी सरळ जातंय.”

हे मान वर करून बघत होते. सहा-सात मिनिटं झाली असतील. उतरताना डावं चाक खड्ड्यात जाऊन पंखाचं टोक घासलं, बाकी काही झालं नाही. राखणदार पळत गेला आणि विमानाला हात न लावता त्याच्याजवळ उभा राहिला, जणू कुणी ते नेईल.

मला आनंद व्हायला हवा होता. पण आवाज थांबला तशी मला झोप आली. मी जीपच्या मागच्या बाकावर आडवी झाले ती घर येईपर्यंत उठले नाही.

संध्याकाळी भाऊजी एरंडोलला गेल्यावर आम्ही दोघंच होतो. मी तांदूळ निवडत होते.

“कंटाळली होतीस?” त्यांनी विचारलं.

“दमले होते.”

“सांगायचं होतंस.”

“सांगितलं असतं तर थांबला असतात?”

“नसतो थांबलो,” ते म्हणाले.

मला त्या उत्तराचा राग आला नाही. उलट बऱ्याच दिवसांनी आम्ही एकमेकांशी खरं बोललो असं वाटलं.

नंतर ते विमान पुन्हा उडालं नाही. भाऊजी जर्मनीला परतले. ह्यांचा डावा हातही थरथरू लागला. उन्हाळ्याच्या सुटीत एकदा ते म्हणाले, “हे आता खोक्यात घालतो.” मी मोजपट्टी, पेचकस घेऊन उठले. त्यांनी हाताने थांबवलं. “तू बस.”

दोन दिवसांचं काम होतं. त्यांना पावणेदोन महिने लागले. एकेक स्क्रू काढायला सकाळचा अर्धा भाग जाई. पडला की ते खाली बसत आणि फरशीवर तळवा फिरवून तो शोधत. सुरुवातीला माझा हात आपोआप पुढे जायचा. मग मी तो आवरायला शिकले. आतल्या खोलीत पलंग आणून घेतला आणि दुपारी त्यावर झोपू लागले.