पांढऱ्या पताकांचं वळण

“मोजा! मुंडकी मोजा म्हणून राहिले न्हवं! एकवीस भरल्याबिगर गाडी हालणार न्हाई!”

गंगटोकच्या बाजारात, ऐन दुपारी, कमलबाई खंदारे ओरडत होत्या. आवाज असा, की समोरच्या डोंगरावर बसलेला ढग दचकून दोन फर्लांग मागं सरला आणि तिथल्या पोलिसालाही सात वर्षांत न दिसलेलं शिखर त्या दिवशी दिसलं. हे मी शपथेवर सांगतो. माझी शपथ आमच्या कुरुंद्यात कुणी धरत नाही, तो भाग वेगळा.

बाई कुरुंद्याच्या नर्स. निवृत्त होईपर्यंत निम्मं गाव त्यांच्या हातांवर जन्मलं, मीही त्यातलाच. म्हणून मी काही रंगवून सांगू लागलो की त्या मधेच तोडायच्या, “पुंज्या, तुझी नाळ म्या कापली. मला थापा मारू नको.”

निवृत्तीनंतर त्या दरवर्षी वस्तीतल्या बायांची सहल काढत. आधी बोधगयेला वंदना, मग दार्जिलिंग, मग गंगटोक. मी मॅनेजर. मॅनेजर म्हणजे ज्वारीच्या पिठाचं पोतं वाहणारा माणूस. त्या पोत्यापायी अख्खी आगगाडी एका अंगाला कलायची. दार्जिलिंगच्या हॉटेलात बाया गच्चीवर भाकरी थापायच्या, तो आवाज ऐकून खालच्या मजल्यावरचे बंगाली पाहुणे कुणाचं लग्न आहे म्हणून विचारायला वर येत आणि जेवूनच उतरत.

तिकडं घरादारांवर, पुलांवर, झाडांवर आपल्या पंचशील झेंड्यासारख्या पाचरंगी पताका बांधलेल्या असतात. पहिल्या वर्षी त्या पाहून बाईंनी जीपमधूनच जाहीर केलं, “पहा गं, सगळी आपलीच वस्ती हाय!” आणि दिसेल त्या लामाला “जयभीम!” घालत सुटल्या. एका म्हाताऱ्या लामानं हात जोडून, मान लववून, अगदी स्वच्छ “जयभीम” परत दिला. बाईंनी खूश होऊन त्याच्या ओंजळीत ठेच्याची पुडी ठेवली. त्यानं ती तिथंच चाखली. त्याच्या डोळ्यांतून जे पाणी वाहिलं, त्यावर खालच्या दोन गावांत वीज तयार झाली असावी.

चढावर कुणी दमून रडकुंडीला आलं की बाई म्हणत, “रडायचं आसंल तं घरी रडा. इथं तिकीट काढून आलोत.”

पण सहल हा बहाणा होता. बाईंचा एकुलता एक मुलगा सुधाकर लष्करात ट्रक चालवायचा. गंगटोकहून सरहद्दीकडं चढणाऱ्या रस्त्यावर एका वळणाला दरड कोसळली आणि ट्रक दरीत गेला. गावात पेटी आली ती बंदच. उघडू दिली नाही. “हजार लेकरांचं तोंड पहिल्यांदा म्या पाह्यलं,” बाई एकदा मला म्हणाल्या, “आन् माझ्याच लेकराचं शेवटचं न्हाई. आता जागा तरी पाहू दे.”

त्या रस्त्याला परवाना लागतो. बाई दरवर्षी अर्ज भरायच्या, फोटो चिकटवायच्या, आणि दरवर्षी रस्ता बंद. एकदा बर्फ, एकदा दरड, एकदा पूल वाहून गेलेला. असं चार वर्षं. त्यांचे यजमान भिकाजीदादा कधी आले नाहीत. त्यांना गाडी लागायची. ते आम्हाला स्टँडपर्यंत पोचवायला येत आणि आमची गाडी हलायच्या आधीच मळमळल्यासारखं तोंड करत.

पाचव्या वर्षी बाईंचे पाय सुजले होते, दोन पायऱ्यांना दम लागत होता. डॉक्टरनं उंचावर जायचं नाही म्हणून बजावलं होतं. बाकीच्या बाया बाजारात सोडून आम्ही दोघंच जीपनं नाक्यावर गेलो. जवान म्हणाला, “रास्ता बंद है, माँजी.”

बाई काही बोलल्या नाहीत. त्यांचा आवाज मी सात डोंगरांपलीकडून ऐकला होता, त्यांचं गप्प बसणं मात्र मला सोसेना. मी ड्रायव्हरच्या कानात सांगितलं, दुसऱ्या कुठल्याही रस्त्यानं घे. तासाभरानं एका वळणावर बांबूंना बांधलेल्या लांब पांढऱ्या पताका दिसल्या. या मेलेल्या माणसांसाठी लावतात, असं ड्रायव्हर म्हणाला.

“बाई, उतरा,” मी म्हणालो. “आडवाटेनं आणलं तुमाला. हेच ते वळण. सुधाकरच्या जोडीदारांनी लावल्यात ह्या पताका.”

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी नाळेची वाट पाहत होतो. त्या उतरल्या. मेणबत्ती वाऱ्यानं तीनदा विझली, चौथ्यांदा मी टोपीचा आडोसा केला. त्यांनी वंदना म्हटली, कडेला भाकरी आणि ठेचा ठेवला आणि दरीत वाकून हाक मारली, “सुध्या! जेवून घे रे!” दरीनं हाक परत दिली. किती वेळा, ते मी वाढवून सांगणार नाही. एकदाच.

जीपमध्ये बसताना म्हणाल्या, “झालं. आता मी काई पुन्यांदा यायची न्हाई.”

पावसाळ्यात बाई गेल्या.

पुढच्या वर्षी बायांनी हट्ट धरला म्हणून मीच सहल नेली. नाक्यावर रस्ता उघडा होता. वर एका वळणावर गुडघ्याएवढा दगड दिसला, त्यावर चार नावं. तिसरं, सुधाकर भिकाजी खंदारे. मागं जीपांची रांग लागली होती, हॉर्न चालू होते. मी उतरलो, मोबाइलवर फोटो काढला आणि परत बसलो.

गावी आल्यावर तसाच दादांकडं गेलो. ते अंगणात हळद निवडत होते. मी सगळं सांगितलं. पताका, माझी थाप, दगड, सगळं. पदरचं काही न घालता मी सांगितलेली ही पहिलीच गोष्ट. पिवळी बोटं धोतराला पुसून त्यांनी मोबाइल घेतला आणि फोटो डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहिला.

“शेवाळ लय चढलंय,” ते म्हणाले. “पुसलंस का?”

आपल्या उपरण्यानं दगड पुसला, पाणी ओतून धुतला, बायांनी फुलं वाहिली, इतकं सगळं माझ्या ओठांवर आलं होतं.

“न्हाई,” मी म्हणालो.