अर्धलीनं दिलेला सर्जा

आटपाट म्हणावं एवढं मोठं न्हाई, पण वडगाव रासाई नावाचं गाव हाय. तिथं एक म्हातारी, तिचा लेक दत्तू, सून मंगल आन् नात पिंकी. लेक सुनंदा दौंडला दिलेली, तिचा पोरगा बंडू. म्हातारी म्हंजी मी. पोरांकडं हातात मावणारे गेम आले, आन् माझे किस्से उकिरड्यावानी वाढायला लागले. टाकताना कुणी दिसत न्हाई, ढीग मात्र रोज मोठा.

गेम असा, की रानोमाळ हिंडायचं, जनावरं धरायची, वाढवायची आन् झुंजवायची.

*

एकदा पिंकीच्या गेमात जनावराच्या जागी नुसता चौकोनांचा काला दिसायला लागला. डोकं न्हाई, शेपूट न्हाई. मी मीठ-मिरच्या घेऊन गेमची दृष्ट काढली.

"आजी, नजर न्हाई लागली. मेमरी बिघडलीय."

"मग माझ्यावरनं बी उतरव. सकाळी शेळीला मंगल म्हणून हाक मारली मी."

मंगल चुलीपासनं म्हणाली, "आन् आलो बी दोघी."

*

ते बिघडलेलं जनावर भेटलं, की गेमातल्या पिशवीतली एक वस्तू आपोआप वाढायची. पिंकीनं ताकदीच्या गोळ्या ठेवल्या, तर ढीग झाला.

मी म्हणाले, "बाजरी ठेवून बघ की."

"बाजरी नसती त्यात."

"मग काय उपयोग? बिघडायचं तर जरा कामाचं बिघडावं."

*

पिंकीनं गेमातल्या गड्याला माझं नाव दिलेलं. एक दिवस त्या नावाची अक्षरं जाऊन वेड्यावाकड्या खुणा आल्या. पोरगी रडकुंडीला आली. "आजी, तुझं नावच गेलं."

मी नीट निरखून बघितलं. "हाय तसंच हाय की," म्हणाले. मला आधीचं तरी कुठं वाचता येत होतं?

*

आता सर्जाचं सांगते. हे जनावर बंडूनं धरलं, आन् वायर जोडून पिंकीच्या गेमात वाढवायला धाडलं. पिंकीनं त्याला असा तयार केला, की समोर कुणी टिकंना. मग बंडू म्हणाला, "माझा मला दे."

पोरांचं भांडण आयांनी उचललं. सुनंदा म्हणाली, "धरला कुणी?" मंगल म्हणाली, "वाढवला कुणी?" त्यावरनं बोलणं तुटलं, आन् पंचमीला माझी लेक माहेराला आली न्हाई.

मी आपला न्याय सांगितला, "शेळी अर्धलीनं देतो तसं करा. मालक एक, पाळणारा दुसरा. व्याली की पिल्लं निम्मी निम्मी."

पिंकी म्हणाली, "आजी, हे वीत न्हाई."

शेवटी भाऊबीजेला सुनंदा बंडूला घेऊन आली. पिंकी सर्जा परत द्यायला कबूल झालेली. सुनंदा ओट्यावर, मंगल दारात, दोघींची तोंडं दोन दिशांना. पोरांनी वायर जोडली. सर्जा निघाला.

तेवढ्यात रानातली लाईट आली. दिवस बुडालेला. दत्तू वरडला, "आई, विहिरीवर जाऊन मोटर चालू करायचीय, बॅटरीत सेल न्हाईत."

आमच्याकडं सेल कशातनं बी निघतात आन् कशात बी जातात. मी हाताला लागला तो पिंकीचा गेम उचलला, सेल काढले आन् दत्तूच्या हातात दिले.

पिंकीनं भोकाडच पसरलं. बंडू म्हणाला, "वाटेतच मेला आता."

सुनंदा म्हणाली, "आई, काय केलंस हे?"

दत्तू परत आला. सेल पुन्हा गेमात घातले. पडद्यावर सर्जा उभा.

"माझ्याकडंच राहिला," पिंकी डोळे पुसत म्हणाली.

बंडूनं आपला गेम पुढं केला. "मग हा कोण?"

तिथं बी सर्जा. तेच नाव, तीच ताकद. बघायला सुनंदा आन् मंगल अशा वाकल्या, की डोक्याला डोकं आपटलं.

"लागलं का वो, वन्सं?"

"न्हाई. चहा टाका, वहिनी."

मी पिंकीला म्हणाले, "वीत न्हाई म्हणत होतीस ना?"